दार उघडतो, पण बोलत नाही: टीनएजर मुलांना चारचौघांत वागायला कसं शिकवायचं?

सांजवेळ

लेक पंधरा वर्षांचा. गेल्या आठवड्यात माझी एक जुनी सहकारी कितीतरी वर्षांनी घरी आली. बेल वाजली तेव्हा माझे हात ओले होते, म्हणून याला म्हटलं, बघ रे कोण आहे. याने दार उघडलं. ती म्हणाली, "अरे, केवढा मोठा झालास!" हा दाराच्या कडीकडे बघत "हं" म्हणाला आणि पाठ फिरवून सरळ खोलीत. कानातले इअरफोनही काढले नाहीत. ती बिचारी आत यावं की थांबावं अशी उंबऱ्यातच उभी.

ती गेल्यावर मी त्याला चांगलं झापलं. एवढं शिकवलं ते गेलं कुठे, लोक काय म्हणतील, वगैरे सगळं. तो म्हणाला, "मग काय बोलायचं असतं?" तेव्हा मला तो उर्मटपणा वाटला आणि मी आणखी चार वाक्यं सुनावली. रात्री पडल्या पडल्या मनात आलं, तो खरंच विचारत होता की काय?

लहानपणी हाच मुलगा कुणीही न सांगता 'थँक्यू' म्हणायचा, लिफ्टमध्ये अनोळखी माणसांशी गप्पा मारायचा. आता मान खाली, जेवताना फोन, कुणाचा फोन आला की "तू बोल ना". तुमच्याकडे काय करता? उपदेश नकोत, तो कोटा घरी माझा मीच पूर्ण करते. करून पाहिलेलं सांगा.

निवांतबाबा

आमच्याकडे असे दोन नग आहेत, तेरा आणि सोळा. क्लबात स्वागत. सविस्तर नंतर लिहितो.

जुनाचष्मा

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आमच्या वेळी वडिलांनी नुसतं बघितलं तरी काम व्हायचं. हल्ली आईबापच मुलांना घाबरतात. दोनदा फोन काढून घ्या, तिसऱ्यांदा आपोआप उभा राहून बोलेल.

आडवाट

काका, राग कसला! पण तुमच्या पिढीबद्दल तुमच्या आधीचे लोक हेच म्हणत असणार. इरॅस्मस नावाच्या डच पंडिताने १५३० साली मुलांच्या शिष्टाचारावर लॅटिनमध्ये एक पुस्तिकाच लिहिली. नजर कशी असावी इथपासून नाक बाहीला पुसू नये इथपर्यंत सगळं त्यात आहे. पाचशे वर्षं होत आली, बाह्या अजून वाळलेल्या नाहीत. :)

शिवाय डोळे वटारले की पोरगं गप्प बसतं. इथे तक्रार ते बोलत नाही ही आहे.

जुनाचष्मा

बाहीचं पटलं. बाकीचं नाही.

पेनाचंटोपण

मी आठवी ते दहावीला शिकवते, वीसेक वर्षं झाली. उद्धट मूल आणि अवघडलेलं मूल वरून अगदी सारखं दिसतं, आणि आपण जवळजवळ नेहमी उद्धट असंच निदान करतो, हे या वर्षांत मला कळलेलं आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. उभं केलं की खिडकीबाहेर बघायचा, उत्तर पुटपुटायचा. स्टाफरूममध्ये त्याच्याबद्दल 'माजलाय' हाच शब्द. एकदा जिन्यात पहिलीतलं एक पोर धडपडलं. हा खाली बसला, त्याच्या बुटाची लेस बांधली, सांडलेल्या पेन्सिली एकेक करून कंपासमध्ये भरल्या आणि मी दिसल्याबरोबर पुन्हा तोच दगडी चेहरा करून निघून गेला. म्हणजे माया होती, रीतही होती. कुणी बघतंय म्हटल्यावर सगळं गोठत होतं.

या वयात आपण सतत कुणाच्या तरी नजरेखाली आहोत असं वाटत असतं. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. मी दरवर्षी वर्गात एक प्रयोग सांगते, तो कॉर्नेल विद्यापीठातला, २००० साली प्रसिद्ध झालेला. कॉलेजच्या मुलांना एका गायकाचा चेहरा असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, तुझा शर्ट किती जणांच्या लक्षात आला असेल? त्यांना वाटलं, जवळपास निम्म्यांच्या. प्रत्यक्षात पाव लोकांनाही धड सांगता आलं नाही. हे सांगितलं की वर्गात आधी हसू पिकतं आणि मग क्षणभर शांतता. त्या शांततेत प्रत्येकाला आपापला टी-शर्ट आठवत असतो.

आता सांजवेळ यांच्या लेकाबद्दल. त्याने विचारलेला प्रश्न खराच होता असं मी धरून चालेन. "नीट वाग" यातून पोराला काहीच कळत नाही. त्याला वाक्य हवं असतं, आणि वाक्यापेक्षाही जास्त सुटका. मुलांना बोलायला सुरुवात करण्याची जेवढी भीती असते त्याहून जास्त 'यातून बाहेर कसं पडायचं' याची असते. पाहुण्यांसमोर उभं राहिलं की वीस मिनिटं अडकलो, हे गणित त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. म्हणून सुटकेचं दार असलेलंच वाक्य द्या. "या, बसा ना. आईला बोलावतो." सात सेकंदांचं काम. यात स्वागत आहे, आणि पळून जायला सभ्य कारणही आहे. एवढं जमलं की पुढच्या महिन्यात एखादं वाक्य वाढवा.

आणि चुकला तर तिथल्या तिथे नको. पाहुण्यांसमोर "बोल ना रे, तोंडात काय आहे?" असं म्हटलं की काल्पनिक प्रेक्षक खरे होतात. रात्री, एकट्याला, दोन वाक्यांत. तेही गाडीत किंवा कपड्यांच्या घड्या करताना, म्हणजे समोरासमोर डोळ्यांत बघावं लागत नाही.

निवांतबाबा

गाडीचं +१. आमच्या घरातले सगळे महत्त्वाचे संवाद सिग्नलला होतात.

खिडकीची_जागा

नमस्कार. आई इथे वाचते, तिच्यामुळे मी पण वाचते. वय सतरा. वरचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मोठे लोक काय विचारतात ते कुणी बघितलंय का? "ओळखलंस का मला?" याला बरोबर उत्तरच नाहीये. हो म्हटलं तर "मग सांग बघू कोण" आणि नाही म्हटलं तर "विसरलीस ना!" मग "किती टक्के पडले". मग "वाळलीस गं" किंवा त्याच्या उलट, आणि ते सगळ्यांसमोर. तीन प्रश्नांत तीन वेळा परीक्षा. त्यानंतर मी खोलीत गेले की मी माणूसघाणी.

मागे एक काका आले होते. त्यांनी विचारलं, "तुझ्या बॅगेवर हे कसलं चित्र आहे?" मी त्यांच्याशी पाऊण तास बोलले. आई दोनदा येऊन बघून गेली, तब्येत बरी आहे ना म्हणून.

इअरफोनबद्दल : बऱ्याचदा त्यात काही वाजत नसतं. ते नुसतं 'कृपया विचारू नका' असं असतं. आणि जेवताना फोन नको हा नियम आमच्याकडेही आहे. बाबांचा फोन 'ऑफिसचा' असतो म्हणून त्याला लागू नाही.

सांजवेळ

"ओळखलंस का मला" मी स्वतः मागच्याच लग्नात तीन मुलांना विचारलं. आजपासून बंद.

आडवाट

खिडकीची_जागा, बाबांचा आयडी कोणता? सहज विचारतोय.

निवांतबाबा

आता सविस्तर. मोठीला दातांच्या डॉक्टरांची वेळ बदलून घ्यायची होती. दिवसाला शेकड्यांनी मेसेज टाइप करणारी मुलगी, पण फोन म्हटलं की "बाबा, तुम्ही करा ना". यावेळी मी नाही म्हटलं. मग तिने कागदावर लिहून काढलं : आपलं नाव, गुरुवारी पाचची वेळ आहे, ती बदलून शनिवारी मिळेल का. रंगीत तालीम झाली. मी दवाखान्यातला माणूस झालो आणि मुद्दाम तुटकपणे म्हणालो, "थांबा जरा." मग गप्प बसलो. ती गोंधळली. "आता मी काय बोलू?" म्हटलं, काही नाही, थांबायचं. तिला हेच माहीत नव्हतं! फोनवर शांतता झाली म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, असं तिला वाटायचं. मेसेजमध्ये कुणी 'थांबा जरा' म्हणून श्वास घेत नाही ना.

खरा फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "कोणत्या डॉक्टरांकडे?" ते कागदावर नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं, आणि सांगतो, बाप म्हणून मला त्या दिवशी एवढंच अवघड काम होतं. नाव ओठांवर आलं होतं. दोन-तीन सेकंदांनी ती म्हणाली, "एक मिनिट हं, बघून सांगते." हे वाक्य तालमीत नव्हतं, तिचं तिने शोधलं. शेवटी "ठेवू का?" तीनदा म्हणाली आणि चौथ्यांदा ठेवला. सगळं मिळून दोन मिनिटंही झाली नसतील, पण कानाची पाळी लालबुंद.

तो कागद अजून तिच्या टेबलाच्या खणात आहे. धाकट्याला भाड्याने देणार म्हणते.

मोजपट्टी

मी समुपदेशन करते, त्यामुळे थोडं त्या बाजूने.

जुनाचष्मा काकांच्या फोन काढून घेण्याबद्दल आधी. अमेरिकेतला एक अभ्यास आहे, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. सहावीतल्या ५१ मुलांना पाच दिवस स्क्रीनशिवाय निसर्ग शिबिरात ठेवलं. परत आल्यावर चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात ती मुलं घरी राहिलेल्या मुलांपेक्षा जास्त सुधारलेली आढळली. पण ती पाच दिवस नुसती फोनशिवाय नव्हती, चोवीस तास एकमेकांच्या संगतीत होती. फोन काढून घेतला आणि पोराला एकट्याला खोलीत बसवलं तर त्यातून काय शिकणार? फोन खाली ठेवल्यावर समोर माणूस हवा.

दुसरं झोपेचं. यावर पालक हसतात, पण सकाळच्या खेकसण्याला शिष्टाचाराचा प्रश्न समजू नका. या वयात झोपेचं घड्याळ साधारण दोन तास पुढे सरकू शकतं. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सांगितलं. आपली मुलं किती झोपतात ते मोजा आणि मग ठरवा. माझ्याकडे आलेल्या एका 'अतिशय उद्धट' मुलीचा निम्मा उद्धटपणा झोपेची वेळ बदलल्यावर गेला. उरलेला निम्मा अस्सल होता, त्यावर काम चालू आहे.

तिसरं, आईवडिलांच्या मनाला लागेल असं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मेंदूतली बक्षिसाशी जोडलेली केंद्रं आईच्या आवाजाला जास्त दाद देतात आणि तेराच्या पुढे हे उलटून अनोळखी आवाजांना जास्त दाद मिळायला लागते.

जुनाचष्मा

म्हणजे आईचं ऐकू नका असं आता शास्त्रच सांगतं?

मोजपट्टी

ऐकू येतं हो काका. ते मूल घराबाहेरच्या माणसांशी जुळवून घ्यायच्या तयारीला लागलेलं असतं, आणि ते व्हायलाच हवं. मी याचा उपयोग असा सांगते : जे तुम्ही शंभरदा सांगून झालं, ते मामाला, प्रशिक्षकाला, शेजारच्या दादाला एकदा सांगू द्या. "माझं ऐकत नाही, त्याचं बरं ऐकतो" म्हणून रुसू नका.

आणि एक गोष्ट राहिली. मूल महिनोन्‌महिने कुणालाच भेटत नसेल, मित्रही तुटले असतील, शाळेच्या सकाळी पोटात दुखत असेल, तर तो शिष्टाचाराचा विषय नाही. तिथे माहीतगार माणसाला दाखवा. तसंच स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना 'डोळ्यांत बघून बोल' अशी सक्ती करू नका. काहींना नजर मिळवून ऐकणं खरोखर जमत नाही, नजर खाली ठेवून ती जास्त नीट ऐकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत अशा मुलांसाठी 'पीअर्स' नावाचा कार्यक्रम तयार झाला. त्यात चाललेल्या गप्पांत कसं शिरायचं हेसुद्धा पायऱ्या पाडून शिकवतात : आधी ऐका, विषय ओळखा, बोलण्यात खंड पडायची वाट बघा, मग त्याच विषयावरचं वाक्य घेऊन आत या. आपण म्हणतो हे आपोआप येतं. ज्यांना येतं त्यांना येतं. माझ्या मते ही पायरी कुठल्याही मुलाला सांगावी, मोठ्यांनाही चालेल.

आडवाट

माझा अनुभव पाहुण्यांचा नाही, व्हॉट्सॲपचा आहे. तिथे कुणी उंबऱ्यात उभं दिसत नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ताच नसतो.

मुलाला मित्राने खाजगीत काही लिहिलं होतं, घरचं काहीतरी. याने त्याचा स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर टाकला, खाली हसणारे चेहरे. मित्र दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. मला हे त्याच्या आईकडून कळलं. मी आधी ओरडलो, ते सांगण्यासारखं नाही. मग म्हटलं, माफी माग. त्याने अर्ध्या मिनिटात टाइप करून दाखवलं : 'सॉरी यार, तुला वाईट वाटलं असेल तर.'

म्हटलं, 'असेल तर' काढ. तो म्हणे, का? मी म्हटलं, वाईट वाटलंय हे तुला माहीत आहे, मग शंका कसली घेतोस. मग नुसतं 'सॉरी यार' उरलं. म्हटलं, कशाबद्दल? हे लिहायला त्याला चाळीस मिनिटं लागली. खोटं सांगत नाही, मी शेजारी बसून होतो. 'मी मस्करीत टाकलं' लिहिलं, खोडलं. 'सगळेच टाकतात' लिहिलं, खोडलं. शेवटी उरलं ते असं : तू मला विश्वासाने सांगितलंस ते मी सगळ्यांना दाखवलं. ग्रुपवरून काढलंय, आणि माझी चूक होती असं तिथेही लिहिलंय. ग्रुपवर लिहिणं त्याला सगळ्यात जड गेलं.

मित्राचं उत्तर दोन दिवसांनी आलं. 'ठीक.' हा भडकला. "एवढं लिहिलं आणि फक्त ठीक?" मग पुढचा धडा तो निघाला. माफी मागितली म्हणजे समोरच्याने लगेच हसून गळ्यात पडावं असा काही करार नसतो. हे त्याला अजून पटलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही दर वेळी पटतं असं नाही.

पेनाचंटोपण

आडवाट, चाळीस मिनिटं शेजारी बसलात, त्याला सलाम.

उलटटपाली

विरोधी सूर लावते. हे सगळं वाचून मला थोडी धास्ती वाटली. मला लहानपणी फार उत्तम वळण लावलेलं होतं. हसून बोलायचं, मोठ्यांना उलट बोलायचं नाही, कुणाला नाराज करायचं नाही. परिणाम असा की एक ओळखीचे गृहस्थ बोलता बोलता खांद्यावर हात ठेवून तो तिथेच ठेवायचे आणि मी चौदा वर्षांची, शिष्टाचार पाळत, हसत उभी. 'हात काढा' हे वाक्य मला कुणी दिलंच नव्हतं. ते उद्धट वाक्यांच्या यादीत होतं.

म्हणून माझ्या मुलींना मी 'या, बसा'च्या आधी 'नको' शिकवलं. "मला असं आवडत नाही." "आत्ता नाही जमणार." आवाज न चढवता, कारण न देता. धाकटी याचा वापर भांडी घासण्याबाबतही करते, ते चालवून घेते.

मोठ्यांना सोयीचं वागणं याला आपण संस्कार म्हणतो का, एवढं एकदा तपासा.

खिडकीची_जागा

उलटटपाली ताई, हे आईला दाखवलं.

पेनाचंटोपण

पूर्ण सहमत. आणि मुलगा न बोलता निघून गेला तर 'लाजाळू आहे', मुलगी गेली तर 'शिष्ट आहे', हे आम्ही शिक्षकही करतो. मुलग्यांकडून अपेक्षाच कमी ठेवल्या की त्यांचंही नुकसान होतं.

जुनाचष्मा

चार दिवसांनी लिहितोय. नातू आला होता. या वेळी 'अभ्यास काय म्हणतो' विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तो फोनवर काहीतरी खेळत होता. विचारलं, हे काय आहे? त्याने सांगायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं सांगत होता. कुणाच्या तरी किल्ल्यावर कुणीतरी हल्ला करतं एवढं समजलं, बाकी अक्षर कळलं नाही. मध्ये मी चुकीच्या गटाला शाबासकी दिली तेव्हा तो खळखळून हसला. जाताना दारापर्यंत आला. पूर्वी यायचा नाही.

फोनवरून नजर मात्र काढली नाही. तेवढं मी चूक मानतो आणि मानत राहणार.

निवांतबाबा

काका, मानत राहा. आम्हीही मानतो, फक्त घरी बोलत नाही.

सांजवेळ

सगळ्यांचे आभार. हिशेब देते.

आधी त्याला सॉरी म्हटलं, आडवाटांच्या पद्धतीने, 'असेल तर' न घालता. तू खरंच विचारत होतास आणि मी ओरडले. त्याने खांदे उडवले, पण मग इअरफोन काढून विचारलं, "मग सांग ना, काय बोलायचं असतं?" गाडी नव्हती, म्हणून घड्या घालताना सांगितलं. "या, बसा ना. आईला बोलावतो." त्याला हे फारच सोपं वाटलं. "एवढंच? मग आधी का नाही सांगितलंस?"

आज संध्याकाळी मी बाहेर होते. त्याचा फोन आला, म्हणजे मेसेज नाही, चक्क फोन. कुजबुजत बोलत होता. "आई, त्या वरच्या मजल्यावरच्या मावशी आल्यात. मी म्हटलं, या, बसा ना, आईला बोलावतो. त्या बसल्या. मग आठवलं, तू घरीच नाहीयेस. पुढचं वाक्य काय?"

मला रस्त्यात हसू आवरेना. म्हटलं, आई बाहेर गेलीये सांग आणि काही निरोप आहे का विचार. "बरं," म्हणाला आणि मला 'ठेवू का' वगैरे न विचारता फोन ठेवला.

घरी आले तर मावशी गेल्या होत्या. निरोप त्याने लिहून टेबलावर ठेवला होता. अक्षर मला लागत नाहीये आणि तो झोपलाय. सकाळी विचारीन, पण मोजपट्टी म्हणाल्या तसं, जरा उशिरानेच.